पुन्हा रिंगणात : 'क्रीड 3' पाहताना



दुपारची झाकपाक झाली असेल, कोणी गहू निवडत असाल, कोणी नुसत्याच पंख्याखाली टेकला असाल. आज मी तुमच्याशी बोलणार आहे एका बॉक्सिंगच्या, म्हणजे मुष्टियुद्धाच्या सिनेमाबद्दल. "मारामारीचा सिनेमा आणि आम्ही?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मीही आधी हेच म्हटलं होतं.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावहून धुळ्याला धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिची मुलगी, माझी भाची, अकरावीत आहे. वर्षभरापासून ती बॉक्सिंगच्या सरावाला जाते. रात्री शेवभाजी आणि भाकरी झाली, भांडी आवरली, आणि तिने टीव्हीवर हा सिनेमा लावला. मला म्हणाली, "मावशी, अर्धा तास बघ. नाही आवडला तर झोप." मी झोपले नाही. शेवटी आम्ही तिघी रात्री एक वाजेपर्यंत जाग्या होतो, आणि त्यातला शेवटचा तास तर सिनेमा संपल्यानंतरचा होता. ते पुढे सांगते.

सिनेमाचं नाव 'क्रीड 3'. मार्च 2023 मध्ये प्रदर्शित झालेला. नाव कळायला थोडी मागची गोष्ट सांगावी लागेल. 1976 साली अमेरिकेत 'रॉकी' नावाचा सिनेमा आला. गरीब वस्तीतला एक साधा बॉक्सर जगज्जेत्याशी लढतो, अशी त्याची गोष्ट. सिल्व्हेस्टर स्टॅलोन त्याचा नायक होता आणि लेखकही तोच होता. त्या सिनेमाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. मग 1979 मध्ये दुसरा भाग आला, आणि या वेळी दिग्दर्शनही स्टॅलोननेच केलं. असे भाग येत राहिले. त्यातल्या जगज्जेत्याचं नाव होतं अपोलो क्रीड. पुढे 2015 मध्ये याच अपोलोच्या मुलाची, अडॉनिस क्रीडची, वेगळी मालिका सुरू झाली. तिचा हा तिसरा भाग. अडॉनिसचं काम करणारा नट आहे मायकल बी. जॉर्डन, आणि तिसऱ्या भागाचा दिग्दर्शकही तोच. दिग्दर्शनाची ही त्याची पहिलीच वेळ.

नायकानेच दिग्दर्शन करायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. व्ही. शांतारामांनी 'दो आँखें बारह हाथ'मध्ये काम केलं आणि दिग्दर्शनही केलं. आपले सचिन पिळगांवकर 'नवरा माझा नवसाचा' मध्ये दोन्हीकडे होते, आणि 2024 मध्ये त्याचा दुसरा भाग आणला तेव्हाही दोन्हीकडेच होते. यात एक धोका असतो. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याला आपलाच चेहरा जास्त दाखवावासा वाटतो. लग्नात आपणच फोटो काढायला बसलो तर आपल्या माहेरचीच माणसं जास्त टिपली जातात, तसं. म्हणून असा सिनेमा पाहताना मी एक गोष्ट बघते, की या माणसाने समोरच्याला किती जागा दिली?

जॉर्डनने समोरच्याला भरपूर जागा दिली आहे. गोष्ट अशी. 2002 साली लॉस एंजेलिस शहरात दोन पोरं असतात. मोठा डेमियन, धाकटा अडॉनिस. दोघंही अनाथ मुलांच्या वसतिगृहात एकत्र राहिलेली, तिथे मार खाल्लेली. डेमियन उत्तम बॉक्सर, आणि अडॉनिस त्याच्या हातमोज्यांची पिशवी उचलून मागे फिरणारा. एका रात्री रस्त्यात त्यांना छळणारा तो जुना माणूस दिसतो. अडॉनिस चिडून त्याच्या अंगावर धावतो. डेमियन त्याला वाचवायला पिस्तूल काढतो. पोलीस येतात. धाकटा पळतो, मोठा सापडतो आणि अठरा वर्षं तुरुंगात जातो.

अठरा वर्षांनी डेमियन बाहेर येतो तेव्हा धाकटा जगज्जेता होऊन निवृत्तही झालेला असतो. मोठं घर, गाणं रचणारी बायको, गोड मुलगी. आणि दाराशी हा उभा, गाडीला टेकून. म्हणतो, मला माझी संधी हवी. डेमियनचं काम केलं आहे जोनाथन मेजर्सने, आणि सिनेमातले सगळ्यात जबरदस्त प्रसंग त्याच्याच वाट्याला आले आहेत. तो खलनायक आहे खरा, पण त्याचं दुःख खोटं नाही. अडॉनिस समोर बसून जेवतो आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही. नायक असलेल्या दिग्दर्शकाने स्वतःला इतकं ओशाळं दाखवायला धैर्य लागतं.

इथे एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. याच जोनाथन मेजर्सला डिसेंबर 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयात, तेव्हाच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल ज्युरीने दोषी ठरवलं, आणि पुढे त्याला 52 आठवड्यांच्या समुपदेशनाची शिक्षा झाली. सिनेमा त्याआधीचा आहे. पण हे कळल्यावर पडद्यावरचा त्याचा राग पाहणं सोपं राहत नाही. काम चांगलं आहे, हे मी म्हणेन. माणसाला त्याने माफी मिळत नाही, हेही म्हणेन.

आता सिनेमाच्या मनातलं बोलू. अडॉनिसला कशाचा त्रास आहे? पळून गेल्याचा. पण ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. बायको बियांका विचारते, काय झालंय? तो म्हणतो, काही नाही. मैत्रिणींनो, हे "काही नाही" आपल्या घराघरात आहे. कापसाचा भाव पडला, काही नाही. सावकाराचा निरोप आला, काही नाही. भावाभावांत वाटणीवरून वाजलं, काही नाही. पुरुष गप्प बसतो आणि घरातल्या बाईला भिंतीवरून, ताटावरून, दार आपटण्यावरून ओळखावं लागतं, की काहीतरी आहे.

या घरातली मुलगी आहे अमारा. ती कर्णबधिर आहे, आणि तिचं काम करणारी छोटी मिला डेव्हिस-केंट स्वतःही कर्णबधिर आहे. मला सिनेमातली सगळ्यात चांगली गोष्ट ही वाटली, की त्या घरात आई आणि बाप दोघंही मुलीशी हातांच्या खुणांच्या भाषेत बोलतात. सहज, चहा पिता पिता बोलावं तसं. आपल्याकडे असं मूल असलं, तर आई काहीतरी खुणा जमवते आणि बाप म्हणतो, "तिला सांग." इथे बाप शिकला आहे. आणि तरी बघा, ज्या बापाला हातांनी बोलता येतं, तोच मनातलं बोलत नाही. मुलगी शाळेत एका मुलीला ठोसा मारून येते. तो तिला ठोसा नीट कसा मारायचा ते शिकवतो. आईला ते पटत नाही. तिचं म्हणणं, मारणं शिकवण्याआधी रागाचं काय करायचं ते शिकव. मला ती बरोबर वाटली. माझ्या भाचीला अर्थातच बाप बरोबर वाटला.

आता पत्रांची गोष्ट. अडॉनिसची आई, मेरी-ॲन, ही त्याची जन्मदात्री नाही. तो तिच्या नवऱ्याला दुसऱ्या बाईपासून झालेला मुलगा. नवरा गेल्यावर तिने त्याला बालसुधारगृहातून घरी आणलं आणि आपला म्हणून वाढवला. केवढी मोठी बाई! पण तिने एक केलं. डेमियन तुरुंगातून पत्रं पाठवत राहिला आणि तिने ती अडॉनिसला दिलीच नाहीत. लपवून ठेवली. त्या मुलाची संगत वाईट, माझ्या पोराचं भलं व्हावं, म्हणून.

हा प्रसंग आला आणि माझ्या बहिणीने हातातला अडकित्ता खाली ठेवला.

तुम्हाला आमच्या घरातलं सांगते. बहिणीची परवानगी घेऊनच सांगते. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. बारावी झाल्यावर धाकटीने नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज केला होता. उत्तर आलंच नाही, असं आम्ही समजत होतो. तिचं लग्न झालं. आठ वर्षांनी आई आजारी पडली तेव्हा बहीण कोठीघर आवरायला बसली, आणि तुरीच्या डाळीच्या डब्याखाली, वर्तमानपत्राच्या घडीत ते पत्र मिळालं. प्रवेश मिळाल्याचं पत्र. त्या वर्षी पाऊस नव्हता, वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं, पोरीला एकटीला बाहेरगावी ठेवायची भीती होती. आईने ते पत्र फाडलंही नाही आणि दिलंही नाही. म्हणाली, तुझ्या भल्यासाठी ठेवलं होतं.

सिनेमात काय होतं? पत्रांचा विषय निघतो, मुलगा रागावतो, आणि मग आई आजारी पडून मरते. झालं. मुलगा रडतो, आपणही रडतो, आणि पत्रांचा हिशेब तिथेच राहतो. माझी बहीण तेव्हा टीव्हीकडे बघून म्हणाली, "बरं सुटला हा. आमची आई नाही मेली. दोन वर्षं भांडलो आम्ही." आणि ते खरं आहे. दोन वर्षं ती आईशी धड बोलली नाही. सणाला यायची, भाकऱ्या बडवायची, निघून जायची. मग एका अक्षयतृतीयेला, आमच्याकडे त्याला आखाजी म्हणतात, दोघी ओसरीवर बसल्या आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलल्या. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली, आणि ती नऊ वर्षं चांगली गेली. सिनेमाला हे नऊ वर्षांचं काम नको असतं. त्याला एक मरण पुरतं.

आणि इथेच माझी या सिनेमाविषयी खरी तक्रार आहे. थोडं मागे जाऊन बघा. 'रॉकी'चा दुसरा भाग, तोही नायकानेच दिग्दर्शित केलेला. त्यात रॉकीची बायको ॲड्रियन गरोदर असते. त्याने पुन्हा लढू नये असं तिला वाटत असतं. मग तिची वेळेआधी प्रसूती होते, ती बेशुद्ध पडते, नवरा तिच्या उशाशी बसून राहतो. शुद्धीवर आल्यावर ती त्याला म्हणते, जिंक. आणि नवरा सरावाला पळतो. बाईचा विरोध दवाखान्यात संपतो.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. 2021 मध्ये 'तूफान' नावाचा हिंदी सिनेमा आला, मुंबईच्या डोंगरीतल्या बॉक्सरचा. दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरा, नायक फरहान अख्तर. त्यातली नायिका आपली आहे बरं का! मृणाल ठाकूर, धुळ्यात जन्मलेली आणि जळगावच्या शाळेत शिकलेली. तिने त्यात डॉक्टर अनन्याचं काम फार छान केलं आहे. वडिलांचा विरोध पत्करून लग्न करते, नवऱ्याला सरळ वाटेवर आणते, बंदी उठल्यावर त्याने पुन्हा लढावं म्हणून धडपडते. आणि मग? रेल्वे स्थानकावरच्या चेंगराचेंगरीत तिला मारून टाकतात. मग नायक तिच्यासाठी पुन्हा हातमोजे घालतो. आपल्या खानदेशची इतकी गुणी आंडेर, आणि तिचं काम काय, तर नवऱ्याला परत रिंगणात पाठवण्यासाठी मरायचं.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसतं. निवृत्त झालेला, हरलेला, रुसलेला पुरुष पुन्हा उठायचा असेल, तर घरातली एक बाई तरी आजारी पडावी लागते किंवा जावी लागते. पहिल्या भागात बाई नायकाच्या प्रेमात पडते, पुढच्या भागात ती त्याचं कारण होते. जॉर्डन चांगला माणूस वाटतो, चांगला दिग्दर्शक होईल, पण हा जुना रस्ता त्यालाही मोडता आला नाही.

तुम्ही म्हणाल, सिनेमात असं लागतंच. मग खरी गोष्ट सांगते. आपल्या मेरी कोमला 2007 मध्ये जुळे मुलगे झाले. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, ती जागतिक स्पर्धेत उतरली आणि सुवर्णपदक घेऊन आली. तिला रिंगणात परत यायला घरात कोणी मरावं लागलं नाही. रात्री पोरांना पाजायचं, सकाळी धावायचं, शरीर पुन्हा उभं करायचं. हा केवढा मोठा 'पुढचा भाग' आहे! 2012 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, आणि तिथून ती कांस्यपदक घेऊन आली. आणि एक गंमत बघा. ज्या मार्च 2023 मध्ये 'क्रीड 3' आला, त्याच महिन्यात दिल्लीत महिलांची जागतिक स्पर्धा झाली. नीतू घंघास, निखत झरीन, लवलिना बोरगोहेन आणि स्वीटी बोरा, आपल्या चार मुलींनी चार सुवर्णपदकं जिंकली. त्या चौघींचे सिनेमे कोणी काढले तर मी पहिल्या रांगेत बसेन.

तरीही, मैत्रिणींनो, 'क्रीड 3' बघा असंच मी म्हणेन. का, ते सांगते. शेवटची लढत बघण्यासारखी आहे. मोठं स्टेडियम, हजारो माणसं, आणि लढता लढता ती माणसं नाहीशी होतात. उरतात फक्त ही दोघं, जशी लहानपणी होती. जॉर्डनला जपानी ॲनिमेचा नाद आहे, आणि ही कल्पना तिथल्या धाटणीची आहे, असं भाचीने मला समजावलं. मला एवढं कळलं, की कधी कधी भांडण इतकं जुनं असतं की भोवतीचं जग दिसेनासं होतं. लढत संपल्यावर दोघं कपडे बदलायच्या खोलीत बसतात आणि पहिल्यांदा नीट बोलतात. तुझी चूक नव्हती, असं म्हणतात. ते ऐकताना वाटलं, हे आधी बोलले असते तर एवढे दात पाडावे लागले नसते. पण त्याच्याही आधी, आई गेल्यावर, तो बायकोजवळ बसून सगळं सांगतो. मला तो प्रसंग लढतीपेक्षा मोठा वाटला. आपल्या नवऱ्यांना, मुलांना दाखवायचा असेल तर तो दाखवा.

आणि शेवटी रिकाम्या स्टेडियममधल्या रिंगणात तो मुलगी अमाराला घेऊन येतो. बापलेक खोटं खोटं बॉक्सिंग खेळतात, आई बघते. इथे सिनेमा संपला.

आमच्या घरात मात्र तेव्हा सुरू झालं. बहीण उठली, देवघराच्या खालच्या खणातून एक कागद घेऊन आली. जिल्हास्तरावरच्या निवड चाचणीचा अर्ज. भाची अठराची नाही, पालकाची सही लागते. अर्ज पंधरा दिवसांपासून तिथे पडला होता. पोरगी रोज विचारायची आणि आई म्हणायची, "बघू." बहीण म्हणाली, "मी हे लपवलं होतं. मुदत निघून गेली असती तर तू विसरली असतीस, असं वाटलं मला." आणि मग तिलाच रडू आलं. ज्या डब्याखालचं पत्र तिला सापडलं होतं, तसाच कागद तिने आपल्या हाताने ठेवला होता.

मग एक तास भांडण झालं, खरंखुरं. बहिणीने भीती एकेक करून सांगितली. नाक मोडलं तर? लग्नाच्या वेळी कोणी काही बोललं तर? बाहेरगावी कोण सोबत असणार? भाचीने जमेल तशी उत्तरं दिली. मुलींना डोक्याला हेडगार्ड असतं, दातांना गार्ड असतं, लढतीत तीनच फेऱ्या असतात, सिनेमातल्यासारख्या बारा नाहीत. लग्नाच्या प्रश्नावर ती म्हणाली, "जो नाकावरून नकार देईल तो मला नकोच." मी मधे पडले नाही. मोठ्या बहिणीने गप्प बसायचीही वेळ असते.

सही त्या रात्री झाली नाही. बहिणीने अट घातली, मी आधी येऊन सराव बघणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. एका साध्या हॉलमध्ये आठ-दहा पोरी घामाघूम होत होत्या, दोरीवर उड्या मारत होत्या. प्रशिक्षकांना बहिणीने तिचे सगळे प्रश्न विचारले, लाजली नाही. स्पर्धेला सोबत कोण असतं, लागलं तर दवाखान्याचं कोण बघतं, अभ्यासाचं काय. त्यांनी सांगितलं तेवढं ऐकून घेतलं आणि परतताना रिक्षातच पर्समधून पेन काढलं.

निवड होईल की नाही, मला माहीत नाही. ती हरलीही असेल, पुढच्या वेळी तुम्हाला सांगेन. पण तुमच्या घरात असा एखादा कागद असेल, एखादं पत्र, अर्ज, कोणाचा निरोप, जो तुम्ही कोणाच्या तरी भल्यासाठी बाजूला ठेवला आहे, तर आज तो बाहेर काढा. द्यायचा नसेल तर का देणार नाही, ते समोर बसून सांगा. भांडण होईल. होऊ द्या. जिवंतपणी झालेलं भांडण मिटतं.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.